चावळ, भो

जळगावात नानांना ओळखणारी माणसं आता फार उरलेली नाहीत. जी आहेत त्यांना नाना एकाच गोष्टीसाठी आठवतात. धुळ्याच्या कार्यक्रमात, भरल्या सभागृहात, त्यांनी जळफळाटापोटी आपल्याच शिष्याचा सूर तोडला आणि वर माइकवरून त्याला टोमणा मारला. मागे एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी मला ही गोष्ट अगदी रंगवून सांगितली. तो शिष्य मीच, हे त्यांना माहीत नव्हतं. मी पानातली जिलबी संपवली, हात धुतले आणि घरी आलो.

इतकी वर्षं मी असाच हात धुऊन घरी येत राहिलो. आता वय झालं, बोटं वाकडी झाली, आणि पुढे ढकलायला फारसं काही शिल्लक नाही. म्हणून लिहितो. ती गोष्ट खोटी आहे. त्या दिवशी नानांनी माझ्यासाठी जे केलं, ते दुसऱ्या कुणी कधी केलं नाही. मी या माणसाचा शिष्य होतो याचा मला जेवढा अभिमान आहे, तेवढा माझ्या नोकरीचा नाही, बांधलेल्या घराचा नाही, मिळालेल्या शाली-नारळांचा तर नाहीच नाही.

पण ती गोष्ट कळायची तर आधी नाना कळायला हवेत.

नाना माझे घरमालक. ऐंशीच्या दशकात मी पाटबंधारे खात्यात बदली होऊन जळगावला आलो आणि खोली शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो. तोवर भेटलेल्या घरमालकांनी मला जात विचारली होती, मटण-मच्छी विचारली होती, पाहुणे किती येतात ते विचारलं होतं. नाना ओट्यावर बसून लसूण सोलत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "येताना रस्तामा काय ऐकं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"स्टेशनपासून पायी ऊना, आन् काहीच नही?" त्यांनी आत वळून हाक मारली, "अक्का, ऐकस का? हाऊ माणूस बहिरा शे. याले खोली दी टाकूत. आपली कटकटना याले तरास नही."

आतून त्यांच्या बायकोचा, अक्कांचा आवाज आला, "पहिले त्यासले पाणी तं इचारा!"

अशी मला खोली मिळाली. बहिरा म्हणून.

कटकट म्हणजे काय ते संध्याकाळी कळलं. स्वयंपाकघरात खुंटीला लसणाच्या माळेशेजारी एक गिटार टांगलेली होती. नाना भुसावळला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते, तेव्हा शेजारच्या क्वार्टरमध्ये एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचा. नाना त्याच्याकडून वाजवायला शिकले. पुढे तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि जाताना "परत आलो की घेईन" म्हणून गिटार नानांकडे ठेवून गेला. तो परत आला नाही. पण नाना ती गिटार कधी "माझी" म्हणाले नाहीत. कुणी विचारलं की म्हणायचे, "ठेवेल शे." वाजवून झाली की लुगड्याच्या फडक्यानं पुसून जागेवर लावायची. आज येईल, उद्या येईल, अशी.

उन्हाळ्यातही डोक्याला माकडटोपी. कुणी हसलं की म्हणायचे, उन्हाला आत जायला जागा ठेवायची नाही. तारा छेडायला लागणारी नखी ते बाजारातून आणत नसत. जळगावात पाइपांचे कारखाने. फेकलेल्या पाइपाचा तुकडा आणायचा, तव्यावर गरम करून चपटा करायचा, कात्रीनं कापायचा, उंबरठ्यावर घासायचा. त्या वासानं अक्का वैतागायच्या. "आज पोळीले पाइपना वास ऊना तर तुम्हीच खाज्यात!" नाना ती पोळी खायचे आणि म्हणायचे, चांगली वाजते.

जळगावचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना कूलरचं महत्त्व सांगायला नको. नानांचा पत्र्याचा कूलर घरघरायला लागला की ते गिटार त्याच्या सुरात लावायचे. तो सूर कुठल्याच पट्टीत बसत नसे, दोन सुरांच्या मधे कुठेतरी अडकलेला असे. नानांना त्याचं काही वाटत नसे. तोच त्यांचा तंबोरा. दुपारभर त्या घरघरीवर ते मनाचं वाजवत बसायचे. वीज गेली की सगळं गप्प व्हायचं आणि नाना म्हणायचे, "चला, तंबोरावाला जेवाले गया."

पण नानांचं खरं वाजवणं ऐकायचं तर सकाळी, भाजीवाली आली की. अक्का दारात उभं राहून भाव करायच्या आणि नाना दाराच्या मागे गिटार घेऊन बसायचे. अक्का एक वाक्य बोलल्या की गिटार तेच वाक्य म्हणायची. भाजीवाली कुरकुरली की गिटार कुरकुरायची. अक्कांचा आवाज चढला की गिटार त्यांच्याही वर चढायची, मग हळूच खाली उतरून भाजीवालीच्या बाजूनं बोलायला लागायची. भाजीवाली हसून हसून टोपली खाली ठेवायची.

"तुमनं खोकं बंद करा!" अक्का ओरडायच्या. "ती भाव कमी करी नही राहिनी, हासी राहिनी!"

दारामागून गिटार तेही म्हणून दाखवायची.

मी शाळेत असताना पेटी शिकलो होतो. कान बरा होता. सिनेमाचं कुठलंही गाणं दोन-तीनदा ऐकलं की मधल्या वाद्यांच्या तुकड्यांसकट जसंच्या तसं वाजवायचो. नानांनी त्यांची दुसरी, साधी गिटार माझ्या हातात दिली आणि वर्षभरात मी तीवरही तेच करायला लागलो. ऑफिसच्या स्नेहसंमेलनात लोक चकित व्हायचे. नाना चकित झाले नाहीत. एकदा मी वाजवत असताना ते उठून माझ्या मागे गेले, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बटन कोठे शे?"

"कसलं बटण?"

"बंद करानं. तू टेप शे, भो. टेपरेकॉर्डर."

त्या दिवसापासून मी टेप. "टेप, नळ ऊना, पाणी भरी ले." "टेप, तुन्ही बायको बलाई राहिनी." बायकोलाही ते आवडलं. ती नाशिकची. तीही मला टेप म्हणायला लागली.

मला राग आला, लाजही वाटली. मी नानांना म्हणालो, "मला तुमच्यासारखं शिकवा. गाण्याच्या मधे जी मोकळी जागा येते, तिथे तुम्ही जे मनाचं वाजवता ते."

नानांची फी ठरलेली होती. रोज एक वाक्य. रस्त्यात ऐकलेलं, कुणी बोललेलं, आणि ज्यानं बोललं त्याच्याच सुरात सांगायचं. मग ते वाक्य एका तारेवर वाजवायचं. एकाच. बाकीच्या तारांना हात लावला की नाना त्या माझ्या देखत सैल करून टाकायचे. मी रिक्षावाल्यांची वाक्यं आणली, सोनाराच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांची आणली, साहेबांची आणली. वाजवायचो. नाना मान हलवायचे. "बरोबर शे. बठ्ठं बरोबर शे." त्यांच्या तोंडून 'बरोबर' म्हणजे नापास.

इथे माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी धुळ्याजवळच्या, पांझरेकाठच्या एका खेड्यातला. घरात अहिराणी. नाशिकच्या वसतिगृहात गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात माझ्या तोंडून 'सगळं'च्या जागी 'बठ्ठं' गेलं, आणि पुढे कितीतरी दिवस मुलं मला 'बठ्ठ्या' म्हणायची. तेव्हापासून मी ती भाषा घडी करून ट्रंकेत ठेवून दिली. ऑफिसात, बायकोशी, कुणाशीही बोलायचं ते पुस्तकातलं मराठी. नाना कलेक्टर आले तरी अहिराणीतच बोलले असते. मी त्यांना उत्तर शुद्ध मराठीत द्यायचो. मी कुठला, ते त्यांना सांगितलं नव्हतं.

एका रविवारी गावाहून माझा मोठा भाऊ आला. बायको माहेरी होती. शेताच्या बांधावरून आमचं भांडण जुंपलं आणि भांडता भांडता माझी ट्रंक उघडली. मी काय काय बोललो ते आता आठवत नाही, पण भरपूर बोललो. भाऊ तणतणत बसस्टँडवर गेला. दार उघडं होतं. नाना उंबऱ्यात उभे होते, तोंड आनंदानं फुललेलं.

"आरे चोर!" ते म्हणाले. "इतला दिन परदेशी भाषामा वाजाडी राहिना व्हय तू? म्हणीसन तुन्ही गिटार शाळा शिकाडस!" त्यांनी गिटार माझ्या मांडीवर आणून ठेवली. "घरमा जसा चावळस, तसं वाजाड. आते तू भाऊले काय बोलना? ते वाजाड. चावळ, भो."

चावळणं. पुस्तकी मराठीत तापात बरळणाऱ्या माणसाला, भ्रम झालेल्या म्हाताऱ्याला 'चावळतोय' म्हणतात. आमच्या अहिराणीत चावळणं म्हणजे बोलणं. साधं, रोजचं बोलणं. आई लेकराशी चावळते, शेजारी शेजाऱ्याशी चावळतो. नानांकडे गिटारवर मनाचं वाजवण्यालाही हाच शब्द होता. एखादा मोठा वादक रेडिओवर लागला, सफाईदार वाजवून गेला, की नाना म्हणायचे, "हात चांगला शे. पन चावळना नही." आणि कधी एखाद्या लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला नवरदेवाच्या घोड्यापुढे घामाघूम होऊन काहीतरी वेडंवाकडं वाजवून जायचा, तेव्हा नाना रस्त्याच्या कडेला उभे राहून माकडटोपी काढायचे. "चावळना, भो. चावळना." याच्या वरची शाबासकी त्यांच्याजवळ नव्हती.

मला ती कधी मिळाली नव्हती. मी रोज बसायचो, अहिराणीतली वाक्यं वाजवायचो, घरात कुणी नसताना पुटपुटायचोही. पण बोटांना वर्षानुवर्षांची सवय. ती शुद्धलेखन तपासत चालायची. चुकलो की थांबायचो. नाना म्हणायचे, थांबू नकोस, पुन्हा तसाच चुक. त्यांच्या गावात एकाचं नाव शाळामास्तरांनी हजेरीत चुकीचं वाचलं, दुसऱ्या दिवशीही तसंच वाचलं, आणि तेच त्याचं नाव झालं. त्याची लग्नपत्रिकाही त्याच नावानं छापली. "एकदा चुकना ती चूक. डबल चुकना, मंग ते नाव पडनं." ऐकताना पटायचं. हातात उतरायचं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. धुळ्याच्या एका मंडळानं खान्देशातल्या हौशी वादकांचा कार्यक्रम ठेवला आणि आम्हा दोघांना बोलावलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, झोक्यावर बसून बायका गाणी म्हणतात, त्यातली एक चाल नानांनी निवडली. आधी दोघांनी चाल वाजवायची, मग नाना साथीला राहतील आणि मधली मोकळी जागा माझी. कार्यक्रमाला आमचे साहेब येणार होते, बायको येणार होती. जळगावातल्या एका शाळेचे सेक्रेटरीही येणार होते. ते साहेबांचे मित्र; त्यांच्या शाळेत गिटारचा वर्ग सुरू करायचा होता आणि नानांना शिक्षक म्हणून घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. नाना त्या वर्गासाठी वेडे झाले होते. त्यांनी पोरांसाठी पाइपाच्या इतक्या नख्या कापून ठेवल्या होत्या की बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरला होता.

मी घाबरलो होतो. म्हणून मी एक युक्ती केली. रात्री माझ्या खोलीचं दार लावून त्या मोकळ्या जागेतलं सगळं मनाचं वाजवणं आधीच बसवून टाकलं आणि पाठ केलं. आयत्या वेळी सुचल्यासारखं वाटावं म्हणून दोन ठिकाणी अडखळायचं, हेही पाठ केलं.

धुळ्याला आम्ही एसटीनं निघालो. नानांनी गिटार गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतली होती. कंडक्टरनं विचारलं, "बाबा, हाऊ कोन? माणूस शे का सामान?"

"आजून ठरेल नही," नाना म्हणाले.

कंडक्टर हसत पुढे गेला. पारोळा गेल्यावर नाना खिडकीबाहेर बघत मला म्हणाले, "टेप, तुन्हं अडखळनं भारी जमेल शे. रोज एकच जागावर."

आमच्या दोघांच्या मधली भिंत एवढी पातळ होती, हे मी विसरलो होतो.

सभागृह भरलं होतं. चाल सुरू झाली तशा पुढच्या ओळीतल्या बायका माना डोलवायला लागल्या. मग माझी जागा आली. मी पाठ केलेलं वाजवायला लागलो. पहिल्या ठरलेल्या जागी अडखळलो, सावरलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब वळून शेजारच्यांना काहीतरी सांगत होते. मी दुसऱ्या अडखळण्याकडे निघालो होतो.

आणि नानांनी साथ दोन पडदे वर नेली.

एकदम. माझ्याकडे न बघता. माझ्या बोटांखालचं सगळं बेसूर झालं. पाठ केलेलं पुढे नेता येईना. मी थांबलो. सभागृहात खुर्च्या करकरल्या, कुणीतरी खोकलं. मी नानांकडे बघितलं. ते शांतपणे साथ वाजवत होते, कूलर घरघरावा तशी. मग ते माझ्याकडे किंचित वाकले आणि हळूच म्हणाले, "चावळ, भो."

आमच्या मधे माइक होता. ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. मागे काही जण हसले.

माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं. न शुद्ध, न पाठ. तेव्हा मला आई आठवली. आठवली असंही नाही. तिची हाक आली. मी लहानपणी पांझरेच्या पात्रात खेळत असायचो आणि ती काठावरून ओरडायची, "ये रे भो, जेवाले ये!" 'ये' खालून लांब वर जायचं आणि 'जेवाले' धाडकन खाली. मी ती हाक एका तारेवर वाजवली. मग 'येतोय ना' असं माझं उत्तर वाजवलं, चिडकं, तुटक: येस ना वं माय. मग पुन्हा तिची हाक, या वेळी रागावलेली. पुन्हा मी. एक सूर चुकला. मी तो पुन्हा तसाच चुकवला. पुढच्या ओळीतली एक म्हातारी खुदकन हसली. तिला कळलं होतं की पोरगं ऐकत नाहीये. मग आईचं पुटपुटणं आलं, मग बापाचा खाकरा, मग आमचं भावाभावांचं भांडण, आणि शेवटी कधीतरी, कसं ते मला आजही सांगता येणार नाही, आखाजीची चाल आपोआप परत आली. ती आईच म्हणत होती. नाना माझ्याखाली उभे असल्यासारखे साथीला होते. मी जिथे जाईन तिथे जमीन होती.

संपल्यावर लोकांनी पाय आपटले. मी इतकं चांगलं त्याआधी कधी वाजवलं नव्हतं. त्यानंतर पुष्कळदा वाजवलं, पण ते सगळं त्या दिवसाच्या पोटातून आलेलं आहे. नानांनी गिटार खाली ठेवली, माकडटोपी काढली आणि मंडळाच्या लोकांना, साहेबांना, भेटेल त्याला सांगत सुटले, "चावळना! आज हाऊ चावळना!"

ती पुढच्या ओळीतली म्हातारी माझ्याजवळ आली. "पोऱ्या, कोनता गावना शे रे तू?"

साहेब माझ्या शेजारी उभे होते, बायको उभी होती. मी म्हणालो, "आजी, मी जळगावला असतो."

धुळ्यात नुकताच आलेला, पुण्याकडचा एक तरुण वार्ताहर पहिल्या ओळीत बसला होता. वाईट मुलगा नव्हता. त्यानं जे बघितलं आणि ऐकलं तेच लिहिलं. गुरूनं भर कार्यक्रमात सूर बदलून शिष्याला अडचणीत टाकलं, माइकवरून 'चावळ' म्हणून त्याला हिणवलं, आणि शिष्यानं वाहवा मिळवली तरी गुरू शेवटपर्यंत 'आज हा चावळला' असंच म्हणत राहिला. वाचणाऱ्याला वाटावं, काय हा जळकुकडा म्हातारा.

बातमी वाचून नाना खोकला लागेपर्यंत हसले. "अक्का, देख वं! माले जळकुकडा करी टाकं! शाबासकी दिनी ती गाळ व्हयनी!" गाळ म्हणजे आमच्याकडे शिवी.

अक्का हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तो शाळावाला बी पेपर वाचस."

नानांनी पेपर खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांगशी ना त्यासले? चावळ म्हणजे काय ते?"

"सांगतो की," मी म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पेढे मागवले होते. समोर शाळेचे सेक्रेटरी बसले होते. साहेब म्हणाले, "गुरूनं पाडलं, पण आमचा माणूस पडला नाही!" सेक्रेटरींनी मला विचारलं, आणि अगदी मोकळ्या मनानं विचारलं, "काय हो, तुम्ही त्यांच्याच घरात राहता. हे 'चावळ' म्हणजे नक्की काय म्हणाले ते?"

उत्तर अगदी सोपं होतं. आमच्या भाषेत त्याचा अर्थ 'बोल'. पण त्या वाक्याची सुरुवात 'आमच्या' या शब्दानं होत होती. आणि पुढे हेही सांगावं लागलं असतं, की सूर तोडला तो पाठ केलेल्या ढोंगाचा. माझ्या हातात पेढा होता. मी म्हणालो, "सोडा ना साहेब. म्हातारा माणूस आहे."

सेक्रेटरींनी समजल्यासारखी मान हलवली.

शाळेचा वर्ग नानांना मिळाला नाही. घरी शिकायला येणारी दोन-तीन पोरं होती, त्यांच्या आईबापांनी तीही थांबवली. पेढे खाल्ले त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तेव्हा नाना ओट्यावर होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "रस्तामा काय ऐकं?" मी एका रिक्षावाल्याचं वाक्य सांगितलं. केबिनमधलं सांगितलं नाही. नानांनी ते वाक्य वाजवलं, आणि पुन्हा कधी मला विचारलं नाही की तू सांगितलंस का. मला वाटतं, त्यांना माझ्या आवाजातूनच कळलं होतं. आवाज ऐकणं हाच तर त्यांचा धंदा.

तरी त्यांनी माझं शिकवणं थांबवलं नाही. धुळ्याहून परतल्यापासून त्यांनी मला टेप म्हणणं सोडलं होतं; ते पुन्हा सुरू केलं नाही. भाजीवाली येत राहिली, दारामागून गिटार बोलत राहिली. माझी बदली धुळ्याला झाली, तेव्हा एसटी स्टँडवर पोचवायला आले आणि गाडी हलताना ड्रायव्हरच्या हॉर्नला तोंडानंच उत्तर दिलं. ड्रायव्हरनं पुन्हा वाजवला. नानांनी पुन्हा दिलं. सगळी गाडी हसत जळगावाबाहेर पडली. नव्वदचं दशक संपायच्या आत नाना गेले. गिटार ठेवलेलीच राहिली.

अक्का आता असोद्याला लेकीकडे असतात. नजर गेली, कान शाबूत आहेत. परवा भेटायला गेलो. लेकीनं भरीत-भाकरी वाढली. जेवणं झाल्यावर अक्कांनी तो बिस्किटांचा डबा मागवला आणि चाचपत त्यातली एक नखी काढून माझ्या हातावर ठेवली. कडा अजून गुळगुळीत होत्या. मी म्हणालो, "अक्का, धुळ्याला काय झालं ते मी सगळं लिहून काढतोय. केबिनमधलंसुद्धा."

त्यांनी चाचपत डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "कोनती भाषामा लिखी राहिना?"

"मराठीत. सगळ्यांना कळावं म्हणून."

"मंग तू आजून टेपच शे," अक्का म्हणाल्या.

म्हणून हे शेवटचं, धुळ्याच्या त्या म्हातारीलाही द्यायचं राहिलेलं उत्तर धरून:

मी पांझराकाठना शे. मन्ही माय अहिराणी चावळे. मन्हा नानानी माले पाडं नही, माले बोलतं करं. शाळावालासले मी खोटं सांगं. चावळ म्हणजे बोल. तो माणूस इतलंच म्हने, बोल, भो. हाई ल्या नाना. बोलनू.